सदनिकेच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ (इंग्लंड व वेल्स)

सदनिकेच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ ही इंग्लंड व वेल्समध्ये दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने (लीजहोल्ड) घेतलेल्या सदनिकेचा उरलेला कालावधी, मोबदला देऊन वाढवून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. १९९३ च्या लीजहोल्ड सुधारणा, गृहनिर्माण व नगरविकास कायद्यानुसार पात्र पट्टेदारास उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर घालून मिळते आणि भूभाडे नाममात्र होते. अशा नाममात्र भाड्यास इंग्रजी कायद्यात ‘मिरीचा दाणा’ असे म्हणतात.

स्वरूप

या पद्धतीत सदनिकेचा खरेदीदार बाजारभावाने किंमत मोजतो. परंतु त्याला मालकी न मिळता ९९, १२५ किंवा ९९९ अशा ठरावीक वर्षांचा ताबा मिळतो. इमारत व जमीन भूस्वामीच्या (फ्रीहोल्डर) मालकीची राहते. मुदत संपल्यावर सदनिकाही त्याच्याकडे परत जाते. काही अटींवर रहिवाशास बाजारभावाने भाडेकरू म्हणून राहता येते, पण गुंतवलेली रक्कम बुडते. मुदत जसजशी घटते तसतशी सदनिकेची किंमत उतरते, आणि थोडी वर्षे उरलेल्या सदनिकेवर कर्ज देण्यास अनेक बँका नाखूश असतात. त्यामुळे विक्रीही अडते.

सदनिकांसाठीच ही पद्धत रूढ होण्यामागे कायद्यातील एक अडचण आहे. पूर्ण मालकीच्या जमिनीबाबत ‘छप्पर दुरुस्त ठेवावे’ यांसारखे काही करण्याचे बंधन पुढील खरेदीदारावर आपोआप लागू होत नाही. पट्ट्याच्या करारात ते लागू होते. सामाईक भिंती, जिने व छप्पर असलेल्या इमारतींना म्हणून पट्टा सोयीचा ठरला.

इतिहास

१९६७ च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्याने स्वतंत्र घरांच्या पट्टेदारांना मालकी विकत घेण्याचा किंवा ५० वर्षांची मुदतवाढ मागण्याचा हक्क दिला. सदनिका त्यातून वगळल्या होत्या. लंडनच्या मेफेअर व बेलग्रेव्हिया भागांत मोठी मालमत्ता असलेल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या विश्वस्तांनी या कायद्याला आव्हान दिले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८६ मध्ये कायदा वैध ठरवला. सदनिकाधारकांना हक्क मिळण्यास १९९३ साल उजाडले. त्या कायद्याच्या निषेधार्थ तत्कालीन ड्यूकने हुजूर पक्षाचे सदस्यत्व सोडले. २००२ च्या कायद्याने सदनिकेत स्वतः राहण्याची अट काढून टाकली.

प्रक्रिया

मूळ पट्टा २१ वर्षांहून अधिक मुदतीचा असणे ही मुख्य अट आहे. किमान दोन वर्षे पट्टेदार असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली.

पट्टेदार मूल्यांकन तज्ज्ञाचा सल्ला घेऊन कलम ४२ खालील नोटीस बजावतो व तीत आपण देऊ केलेली रक्कम नमूद करतो. नोटीस बजावल्याचा दिवस हाच मूल्यांकनाचा दिवस धरला जातो. भूस्वामीस उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याने मुदतीत उत्तर न दिल्यास पट्टेदार न्यायालयामार्फत नोटिशीतील अटींवर मुदतवाढ मागू शकतो. उत्तर आले पण रकमेवर एकमत झाले नाही, तर उत्तरानंतर दोन ते सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ही संधी हुकल्यास नोटीस मागे घेतली असे मानले जाते व नवी नोटीस देण्यास बारा महिने थांबावे लागते. भूस्वामीचा वाजवी कायदेशीर व मूल्यांकनाचा खर्चही पट्टेदारालाच सोसावा लागतो.

कायद्याबाहेर परस्पर संमतीनेही मुदत वाढवता येते. मात्र अशा करारात भूभाडे चालू ठेवणाऱ्या किंवा कमी वर्षे देणाऱ्या अटी येऊ शकतात.

मोबदला व ८० वर्षांची मर्यादा

मोबदल्याचे तीन घटक आहेत: बुडणाऱ्या भूभाड्याची भरपाई, सदनिका परत मिळणे लांबल्याची भरपाई आणि ‘मॅरेज व्हॅल्यू’, म्हणजे मुदतवाढीमुळे दोन्ही पक्षांच्या हितसंबंधांच्या एकत्रित मूल्यात होणारी वाढ. या वाढीचा निम्मा हिस्सा भूस्वामीस मिळतो; परंतु ८० वर्षांहून अधिक मुदत उरली असल्यास तो द्यावा लागत नाही. दुसऱ्या घटकासाठी सदनिकांबाबत सामान्यतः ५ टक्के दर वापरला जातो. तो ‘अर्ल कॅडोगन विरुद्ध स्पोर्टेली’ या खटल्यात ठरला.

उदाहरणार्थ, दीर्घ पट्ट्यासह ३,००,००० पौंड किमतीच्या व वर्षाला १०० पौंड भूभाडे असलेल्या सदनिकेची ८१ वर्षे उरली असतील, तर भूभाड्यासाठी ७ टक्के दर धरून मोबदला सुमारे ७,१०० पौंड येतो. हीच मुदत ७० वर्षे असेल व तेव्हा सदनिकेची किंमत दीर्घ पट्ट्याच्या ९० टक्के धरली, तर मोबदला सुमारे २०,६०० पौंडांवर जातो. त्यांपैकी सुमारे ९,४०० पौंड मॅरेज व्हॅल्यूचे असतात. म्हणून ८० वर्षांची सीमा ओलांडण्यापूर्वी नोटीस देण्याला मोठे महत्त्व आहे.

सुधारणा व वाद

३० जून २०२२ पासून बहुतेक नव्या निवासी दीर्घ पट्ट्यांवर भूभाडे आकारण्यास मनाई आहे. २०२४ च्या लीजहोल्ड व फ्रीहोल्ड सुधारणा कायद्यात मुदतवाढ ९९० वर्षांची करण्याची व मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची तरतूद आहे. मात्र २०२५ अखेर या तरतुदी अंमलात आलेल्या नव्हत्या. एकदा किंमत मोजलेल्या घरासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात, हा पट्टेदारांचा आक्षेप आहे. पट्ट्याची किंमत मर्यादित वर्षांचीच असते व वाढीव वर्षे भूस्वामीच्या मालमत्तेतून जातात, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे. सामूहिक मालकीचा ‘कॉमनहोल्ड’ हा पर्याय २००४ पासून उपलब्ध असूनही मोजक्याच इमारतींनी तो स्वीकारला आहे.

भारतातील स्थितीशी तुलना

भारतातील भाडेपट्ट्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात असून ती इंग्रजी कायद्यावर आधारलेली आहे. मात्र मुंबईत पट्ट्याच्या जमिनीवरील अनेक इमारतींत पट्टेदार सहकारी गृहनिर्माण संस्था असते. तेथे नूतनीकरणाचा प्रश्न संपूर्ण संस्थेचा असतो; इंग्लंडमध्ये तो प्रत्येक सदनिकाधारकास स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.