जुवावरचा भार

पूर्वी आमच्या कामरगावात बंडी घ्यायला आलेला शेतकरी आधी चाकांकडे जात नसे. तो पुढे यायचा, जू दोन्ही हातांनी उचलायचा, छातीपर्यंत आणायचा आणि हळूच सोडायचा. बंडी कशी आहे ते त्याला तेवढ्यात कळायचं. माझे आबाजी सुतार, बंड्या करणारे. वडिलांनी लाकूड सोडून लोखंड धरलं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. तीन पिढ्यांत आमच्या धंद्यातलं लाकूड गेलं, चाक बदललं, ओढणारा बदलला. ओझ्यातला किती भार ओढणाऱ्याच्या अंगावर टेकवायचा आणि नेमका कुठे, हा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. बैलगाडीवर लिहिणारे चाकाचं कौतुक करतात. जोडावर फारसं कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते वाहतुकीचा अर्धा इतिहास त्या जोडातच आहे.

बंडीच्या आधी आमच्याकडचा माल पाठीवरून जायचा. कामरगाव कारंजा तालुक्यातलं. १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा झाला, त्याआधी आम्ही अकोल्यात होतो. याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. या समाजाच्या लदेणीच्या तांड्यांनी वऱ्हाडचा कापूस पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेलेला आहे. लदेणीच्या बैलाला जू नाही, धुरा नाही. पाठीच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या, बस्स. डावी-उजवी बाजू जुळली की काम झालं. पुढे-मागे तोलायचा प्रश्नच नाही, कारण सगळं ओझं थेट जनावराच्या पायांवर.

तो प्रश्न बंडीबरोबर आला. आणि बंड्यांची गरज वाढली ती रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. वाटेत अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी स्टेशनं झाली. मग गावातून स्टेशनापर्यंत कापूस नेणं हाच एक मोठा उद्योग झाला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी आली, आमची शकुंतला. ती मूर्तिजापूरला मोठ्या रुळांपाशी थांबायची आणि गाठी एका डब्यातून काढून दुसऱ्यात भराव्या लागायच्या. वाफेचं इंजिन त्या रुळांवर १९९४ पर्यंत चाललं. पण शेतापासून कारंजाच्या बाजारापर्यंतची मजल बंडीचीच होती, तीही काळीतल्या पांधणीतून, जिथे पावसाळ्यात चाक तुंब्यापर्यंत रुतायचं.

या बंडीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. दोन चाकं, एक आख, आखावर साटा, आणि साट्यापासून पुढे निमुळते होत गेलेले दोन धुरे. टोकाला जू. जुवाला शिवळा, शिवळांना जोती. आख साट्याच्या बरोबर मध्ये नसतो. भरलेल्या बंडीचा थोडा भार पुढे जुवावर येईल असा तो बसवतात. हा 'थोडा' म्हणजे किती, यातच सुताराची सगळी अक्कल. भार जास्त झाला तर बंडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर वरवंटा ठेवल्यासारखं होतं. संध्याकाळी जू काढलं की खांदे सुजलेले दिसतात. भार मागे गेला तर ती उलार होते: जू वर उचललं जातं, जोती गळ्याला खालून आवळतात आणि बैल गुदमरतो. धुरजड बंडी बैलाला थकवते, उलार बंडी त्याला अडवते. आबाजी म्हणायचे, "बंडी उलार हाये का धुरजड, हे बैल सांगते. आपुन फकस्त पाह्याचं त्याच्याकडे."

कापसाच्या बंडीत हे फार जपावं लागायचं. कापूस हलका, पण फुगीर. ताट्या लावून तो उंच भरायचा, आणि उंच भरलेलं ओझं चढावर मागे ओढतं, उतारावर पुढे येतं. म्हणून हाकणारा माणूस बंडीत एका जागी बसत नसे. चढ आला की तो पुढे सरकून धुऱ्यावर यायचा, उतार लागला की मागे जायचा. त्याच्या अंगाचं वजन हेच तोल सांभाळायचं साधन होतं. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या रांगा लागायच्या. तेव्हा बैल सोडून धुऱ्याखाली टेकू लावायचे. त्या टेकूवर किती भार आहे हे वडील जाता जाता हाताने चाचपून पाहायचे. त्यांचा छंदच होता तो.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणीही मला याच इतिहासाचा भाग वाटते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात. वर्षभर जू जिथे टेकलं त्याच जागेची ही सेवा. गावोगाव हे होतं आणि शिंगांना रंग लावायच्या आधी होतं, याचा अर्थ आपल्या माणसांना भार कुठे पडतो ते पक्कं ठाऊक होतं. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, छकडी पाहा. तिच्यात ओझं नाहीच, तरी कारागीर तिचं लाकूड तासून तासून हलकं करतो, कारण जोडाचं स्वतःचं वजनसुद्धा बैलाच्याच खांद्यावर जातं. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

लोखंडी धावेच्या चाकाजागी रबरी टायर आले तेव्हा चाक हलकं फिरू लागलं आणि लोकांनी बंडीत जास्त माल भरायला सुरुवात केली. जू मात्र जुनंच राहिलं. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात देशातल्या बैलगाड्यांचा अभ्यास केला. त्या काळी देशात एक कोटीहून जास्त बैलगाड्या चालत होत्या. त्यांचा आग्रह चाकाइतकाच जुवाचा होता: मानेवर टेकणारा भार कमी करा, तो रुंद जागेवर पसरवा. त्यांचं म्हणणं शेतापर्यंत पोचायच्या आत ट्रॅक्टर पोचला, याची मला खंत वाटते. माझ्या आबाजींना त्यांचं बोलणं पहिल्या वाक्यात पटलं असतं.

ट्रॅक्टरने जोडाची सगळी गणितं उलटी केली. लोखंडाला खांदा सुजत नाही, मग भार कुठेही टाका, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं. पण ट्रॅक्टरही सांगतो, आणि तो बैलापेक्षा निर्दयपणे सांगतो. मागच्या चाकांच्या आखापेक्षा उंच जागेवरून ओढ घेतली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि उलटून चालकाच्या अंगावर येऊ शकतो. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाने १९२०च्या दशकात तीन सांध्यांची जोडणी शोधली ती याच धोक्यातून. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटायचा. त्याने नांगर असा जोडला की अडकल्यावर वरचा दांडा ट्रॅक्टरचं नाक उलट खाली दाबतो. आज आपल्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ती जोडणी आहे, मग तो महिंद्रा असो की स्वराज. ट्रॉली मात्र त्या सांध्यांना नाही, खालच्या हुकालाच लावायची असते. हूक खाली असतो त्याचं कारण हेच.

ट्रॉली दोन प्रकारची. दोन चाकांची असेल तर ती बंडीचीच मोठी बहीण: थोडा भार हुकावर आलाच पाहिजे. त्या भाराने ट्रॅक्टरची मागची चाकं मातीत पकड घेतात. चार चाकांची असेल तर सगळं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर, आणि पुढच्या दोन चाकांना वळता यावं म्हणून त्यांच्या डोक्यावर टर्नटेबल, म्हणजे एकावर एक फिरणारी दोन लोखंडी कडी. रस्त्यावर ती झकास चालते. पण हुकावर भार नसल्यामुळे ओल्या काळीत ट्रॅक्टर जागेवर चाकं फिरवत बसतो, आणि दोन ठिकाणी वाकणारी ही ट्रॉली मागे घेताना भले भले चालक घामाघूम होतात. म्हणून पांधणीच्या कामाला मी गिऱ्हाइकाला दोन चाकीच घ्यायला सांगतो.

हेच टर्नटेबल युरोपातल्या चार चाकी घोडागाड्यांत फार आधीपासून होतं. चार चाकांवर आडवं ठेवलेलं हे कडं म्हणजे तिकडचं पाचवं चाक. आपल्या दोन चाकी बंडीला त्याची गरज कधी पडली नाही, कारण ती अख्खीच वळते. मग १९१४ साली अमेरिकेत डेट्रॉइटला ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली नाव फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागे बांधून न्यायची होती. फ्रूहॉफने जी गाडी बनवली तिला पुढची चाकंच नव्हती. तिचं नाक मोटारीच्या मागच्या भागावर टेकलं होतं. म्हणजे त्याने चार चाकी गाडीतून पुढचा आख काढून टाकला आणि भार पुन्हा ओढणाऱ्याच्या अंगावर दिला, आमच्या बंडीसारखा. पुढच्याच वर्षी चार्ल्स मार्टिनने असं नाक टेकवायला आणि अडकवायला फिरतं, डुलतं पाचवं चाक तयार केलं. आज आमच्या कारंजाजवळून समृद्धी महामार्गावर कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर त्याच तत्त्वावर धावतात. ट्रेलरच्या पोटाखाली दोन इंच जाडीचा किंग पिन, आणि ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर घोड्याच्या नालेसारखं तोंड असलेली तबकडी. ही तबकडी मागच्या आखाच्या किंचित पुढे बसवतात. बंडीतही आम्ही भार आखाच्या पुढेच ठेवत होतो.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याने आखूड हौद्याचा पिकअप घेतला आणि त्यामागे राहायची सोय असलेला, हौद्यात नाक टेकवून ओढायचा ट्रेलर लावायचं ठरवलं. अशा ट्रेलरची पिन हौद्यातल्या ज्या जोडावर टेकते त्याला तिकडे हिच म्हणतात. एके रात्री त्याने फोन केला, "मामा, हलकी हिच घ्यायची म्हणतो. तुम्ही काय पाहता?"

मी त्याला आधी भार विचारला. अशा ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा पिनवर येतो. चार टनांचा ट्रेलर म्हणजे आठशे किलो. हलक्या पिकअपची वाहून न्यायची ताकद बहुतेक वेळा सातशे-आठशे किलोच असते, आणि ती चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते. त्यात माणसं बसणार, सामान येणार. अशा वेळी शंभर किलोची लोखंडी हिच आणि पन्नास किलोच्या आतली ॲल्युमिनियमची हिच यांतला फरक नुसता उचलायच्या सोयीचा उरत नाही. छकडीचं लाकूड तासणारा माणूस हेच करत होता. पण त्याला मी हेही सांगितलं की हलकी हिच घेऊन ट्रेलरचा भार कमी होत नाही. आठशे किलो ते आठशेच. भार झेपत नसेल तर ट्रेलर लहान घे.

मग हौद्याची लांबी. साडेपाच फुटी हौद्यात मागच्या आखापासून केबिनची पाठ जेमतेम तीन-साडेतीन फुटांवर. ट्रेलर आठ फूट रुंद, म्हणजे पिनपासून त्याचा कोपरा एका बाजूला चार फुटांवर. काटकोनात वळवला की तो कोपरा केबिनची काच फोडणार. म्हणून तिकडे सरकणारी हिच मिळते: अवघड वळणाला पिन फूटभर मागे घ्यायची. काही ट्रेलरचे पुढचे कोपरे कापलेले असतात, काहींच्या नाकातच वळायचा सांधा मागे नेलेला असतो. सरकणाऱ्या हिचमध्ये यंत्रणा जास्त, म्हणून वजनही जास्त. तेव्हा हलकी आणि सरकणारी या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर आधी ट्रेलरचे कोपरे मोजायला मी त्याला सांगितलं. कोपरे कापलेले निघाले तर न सरकणारी हलकी हिच पुरते.

आणि सरकणारी घेतलीच तर ती मागे ठेवून रस्त्यावर धावायचं नाही. पिन आखाच्या मागे गेली की पिकअपचं नाक हलकं होतं, सुकाणूची चाकं जमिनीला नीट धरत नाहीत. मी म्हटलं, "बंडी उलार झाली की काय होते, तुले मायित हाये ना?" तो आजोळी वाढलेला. लहानपणी आमच्या अंगणातल्या बंडीच्या मागच्या टोकाला लोंबकळून त्याने जू आभाळात उडवलेलं आहे. त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

त्याने कोपरे मोजले, ट्रेलर एक पायरी लहान घेतला आणि ॲल्युमिनियमची न सरकणारी हिच बसवली. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली, पुढच्या आणि मागच्या आखाचं वजन वेगवेगळं करून घेतलं आणि मला आकडे कळवले. पुढच्या आखावरचं वजन रिकाम्या गाडीइतकंच राहिलं होतं.

आमच्या धर्मकाट्यावर मी आता हेच करून घेतो. नवी ट्रॉली भरली की आधी ट्रॅक्टरसकट, मग नुसती ट्रॉलीची चाकं आणि शेवटी ट्रॉली सोडून एकटा ट्रॅक्टर काट्यावर. हुकावर किती आलं ते वजाबाकीने निघतं. काही गिऱ्हाइकं ट्रॉली फूट-दीड फूट लांब मागतात, तुरीची पोती एका फेरीत जावीत म्हणून. मी लांबी देतो, पण आखही तेवढ्या हिशेबाने मागे घेतो, आणि मागच्या फळीवर पोती कुठवर रचायची त्याची रंगाने रेघ मारून देतो.