गुडघ्यातला सरस

आमच्या वाड्यातली दारं दुरुस्त करायला येणारे सुतारकाका सरसाच्या वड्या रात्रभर भिजत घालत आणि सकाळी तो डबा उकळत्या पाण्यात ठेवून सरस पातळ करत. त्या वासानं आजी नाकाला पदर लावायची. जनावरांची कातडी नि हाडं उकळून केलेल्या त्या सरसाचं आजीच्या दुखऱ्या गुडघ्याशी सख्खं नातं आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेही एका शब्दामुळे: कोलॅजेन.

ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरस. ज्यापासून सरस होतो, ते कोलॅजेन. (चिकटचित्राचं ‘कोलाज’ही याच घरातलं.) एकोणिसाव्या शतकात युरोपात हे नाव पडलं, तेव्हा या प्रथिनाची रचना कुणालाच ठाऊक नव्हती. ती उलगडली मद्रासमध्ये. १९५२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल तिथं आले असता बोलता बोलता कोलॅजेनचा विषय निघाला आणि तिथले शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी तो मनावर घेतला. शेजारच्या चामडे संशोधन संस्थेच्या मदतीनं कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळवली, क्ष-किरणांनी तपासली. १९५४मध्ये सहकारी गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये उत्तर मांडलं: एकमेकांत गुंफलेले तीन पेड. आपली तिपेडी वेणीच! प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. वेणीच्या गाभ्यात तेवढंच मावतं.

सांध्यातल्या कूर्चेला ताण सोसायचं बळ या वेणीमुळे येतं. उकळली की ती सुटते, म्हणून तर पायाचा रस्सा गार झाला की थलथलीत होतो. हाड मोडलेल्याला तो पाजायची रीत आपल्याकडे आहेच. पण वाटीतलं कोलॅजेन सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात, आणि ते कुठं वापरायचे हे शरीर ठरवतं. कोलॅजेनच्या भुकटीनं दुखणं थोडं उतरल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलंय. झिजलेली कूर्चा भरून येते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. आईवडिलांसाठी महागडे डबे आणणाऱ्या मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं.

वेणी घट्ट बसायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. ते न मिळालेल्या दर्यावर्दींच्या हिरड्या सुजत, सांधे ठणकत, भरलेल्या जखमा पुन्हा उकलत. १७४७ साली जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी अशा बारा खलाशांपैकी दोघांना संत्री आणि लिंबं दिली. सहाव्या दिवशी त्यांतला एक कामावर उभा राहिला.