यानाका

यानाका : जपानची राजधानी टोकियो येथील जुनी निवासी वस्ती. ताइतो प्रभागात, उएनो टेकाडाच्या वायव्य टोकावर व त्याच्या उतारावर ती वसली आहे. सुमारे ७० बौद्ध मंदिरे, अरुंद गल्ल्या, लाकडी घरे व विस्तीर्ण दफनभूमी यांसाठी ती प्रसिद्ध आहे. शेजारच्या नेझू व सेंदागी यांसह या परिसराला ‘यानेसेन’ म्हणतात. येथील गल्ल्यांतून वाहनाने फिरणे अवघड असून वस्तीची खरी ओळख पायीच होते.

इतिहास : तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) आश्रयाने उएनो येथे १६२५ मध्ये कानेईजी मंदिर स्थापन झाले आणि भोवतीच्या भागाला धार्मिक महत्त्व आले. १६५७ च्या मेइरेकी आगीत एदोचा, म्हणजे जुन्या टोकियोचा, मोठा भाग जळाला. पुनर्रचनेत मध्यवस्तीतील अनेक मंदिरे यानाकात हलवण्यात आली. त्यांच्या आधाराने पाथरवट, फुलविक्रेते व इतर कारागीर येथे स्थिरावले. १९२३ च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगींत टोकियोच्या सखल वस्त्या बेचिराख झाल्या. १९४५ च्या बॉम्बफेकीची झळ यानाकालाही लागली. तरी येथील बरीच घरे आणि गल्ल्यांची जुनी रचना वाचली.

पायी फेरी : निप्पोरी स्थानकाच्या पश्चिम दाराबाहेर पडताच तेन्नोजी मंदिर लागते. त्याच्या आवारात १६९० मधील बुद्धाची बैठी कांस्यमूर्ती आहे. एदोकाळात या मंदिराला सोडत काढण्याचा अधिकृत परवाना होता. मंदिराचा पाच मजली मनोरा १७९१ मध्ये पुन्हा उभारला गेला. कोदा रोहान यांच्या ‘गोजू नो तो’ या कादंबरीला त्याच्यावरूनच विषय मिळाला. १९५७ मध्ये तो जाळण्यात आला. आता पायाचे दगड तेवढे दिसतात.

मनोऱ्याची जागा आजच्या दफनभूमीतच आहे. तेन्नोजीची जमीन घेऊन १८७४ मध्ये ही सार्वजनिक दफनभूमी सुरू झाली. तिच्या मुख्य रस्त्याच्या दुतर्फा चेरीची झाडे आहेत. अखेरचा, पंधरावा शोगुन तोकुगावा योशिनोबू याची समाधी लगतच आहे.

दक्षिणेकडे गेल्यावर १९१० मध्ये बांधलेले साकेचे (तांदळाच्या मद्याचे) दुकान संग्रहालयाच्या रूपात पाहता येते. जवळच्या १९१६ च्या लाकडी इमारतीत ‘कायाबा कॉफी’ हे उपाहारगृह १९३८ मध्ये सुरू झाले. काही वर्षे बंद राहून ते २००९ मध्ये पुन्हा उघडले. एका जुन्या सार्वजनिक स्नानगृहात १९९३ पासून समकालीन कलेचे दालन आहे. उत्तरेकडे परतताना कान्नोनजी मंदिराची माती व कौलांच्या थरांची भिंत लागते.

शिल्पकार आसाकुरा फुमिओ (१८८३–१९६४) यांचे घर व कार्यशाळा आता संग्रहालय आहे. काँक्रीटची कार्यशाळा व लाकडी निवास यांच्यामध्ये जलोद्यान असून गच्चीवर बाग आहे. त्यांच्या ‘हाकामोरी’ या १९१० च्या गाजलेल्या शिल्पासाठी तेन्नोजी दफनभूमीचा वृद्ध राखणदार नमुना म्हणून उभा राहिला होता. पुढे ‘युयाके दानदान’ पायऱ्या उतरल्यावर ‘यानाका गिन्झा’ हा सुमारे १७० मी. लांबीचा बाजार येतो. चहा, मासळी, तळलेले मांसाचे वडे व रोजच्या गरजेच्या वस्तू विकणारी येथील छोटी दुकाने रहिवाशांचीही गरज भागवतात.

भारताशी संबंध : कलाविचारक ओकाकुरा काकुझो (तेनशिन) यांनी १८९८ मध्ये ‘निहोन बिजुत्सुइन’ ही कलासंस्था यानाकात स्थापन केली, त्या जागी आता त्यांचे स्मृतिउद्यान आहे. या संस्थेच्या प्रदर्शनांशी निगडित चित्रकार अराई काम्पो यांनी १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात भाग घेतला. जपानी चित्रकारांची महाराष्ट्रातील लेण्यांशी झालेली ही मोलाची भेट होय.

जतन : १९८४ ते २००९ या काळात स्थानिक स्त्रियांनी ‘यानेसेन’ हे नियतकालिक चालवले. वृद्धांच्या आठवणी, दुकानांचा इतिहास व इमारतींची माहिती नोंदवून त्यांनी या वस्तीबद्दल आस्था जागवली. येथील अनेक इमारती नव्या उपयोगामुळे तगल्या. लोक अजून राहतात, मंदिरांत विधी होतात आणि दफनभूमीत नातलग येतात. त्यामुळे या घरांचा व समाध्यांचा मान राखून शांतपणे फिरणे हे प्रत्येक पाहुण्याचे कर्तव्य ठरते.