हेडसेटचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही? टर्मिनल वापरून पाहा

यूएसबी गेमिंग हेडसेट लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावला की आवाज येतो, माइकही चालतो. अडतं ते पुढे. बॅटरी किती उरली? कानांवरचे रंगीत दिवे बंद कसे करायचे? हे सांगणारं सॉफ्टवेअर कंपनीने बहुतेक वेळा फक्त विंडोजसाठी काढलेलं असतं. पैसे पूर्ण मोजायचे आणि सोयी अर्ध्याच मिळायच्या!

असं का होतं? हेडसेट एकच असला तरी कॉम्प्युटरला तो दोन उपकरणांसारखा दिसतो. एक साउंड कार्ड. त्याचे नियम सगळ्यांसाठी ठरलेले आहेत, म्हणून आवाज कुठेही येतो. दुसरं कीबोर्ड-माउसच्या गटातलं, म्हणजे ‘एचआयडी’. सेटिंगचे संदेश सहसा या दुसऱ्या वाटेने जातात, आणि त्यातल्या बाइट्सचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. तो जाहीर मात्र करत नाही.

‘हेडसेटकंट्रोल’ हा मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्राम नेमकं हेच काम करतो. सुरुवात कॉर्सेअरच्या व्हॉइड हेडसेटपासून झाली. आता लॉजिटेक, स्टीलसिरीज, हायपरएक्स यांचीही काही मॉडेल्स त्यात आहेत. कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालवायचं, एक बटण दाबायचं आणि वायरशार्कमध्ये यूएसबीवरून काय गेलं ते पाहायचं, अशा चिकाटीने हे संदेश उलगडले जातात.

वापर सोपा आहे. टर्मिनलमध्ये प्रोग्रामचं नाव, मग आडवी रेघ आणि इंग्रजीतलं एक लहान अक्षर. ‘बी’ दिलं की बॅटरीचे टक्के दिसतात. ‘एल’ आणि ० दिलं की दिवे बंद, १ दिलं की चालू. ‘आय’पुढे मिनिटं लिहिली की तेवढा वेळ वापर नसेल तर हेडसेट आपोआप बंद होतो.

सगळ्यात कामाचा पर्याय ‘एस’, म्हणजे साइडटोन. आपलाच आवाज माइकमधून आपल्या कानात थोडासा येणं म्हणजे साइडटोन. जुन्या लँडलाइन फोनच्या रिसिव्हरमध्येही तो असे. कान झाकलेले असताना तो नसेल तर माणूस नकळत ओरडून बोलतो, आणि रात्री एक वाजता घरच्यांची बोलणी खातो. इथे ० ते १२८ मधला आकडा द्यायचा. ० म्हणजे पूर्ण बंद. काही हेडसेटमध्ये साइडटोन साध्या अल्सामिक्सरमध्येही सापडतो, तेव्हा आधी तिथे डोकवा.

प्रोग्राम टाकूनही ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर घाबरू नका. लिनक्स साध्या यूजरला अशा उपकरणाशी थेट बोलू देत नाही. दर वेळी ‘सूडो’ लावण्यापेक्षा ‘यू’ हा पर्याय चालवा. तो ‘यूडेव्ह’चे नियम छापून देतो. ते नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवा, नियम पुन्हा लोड करा आणि हेडसेट काढून परत लावा.

प्रत्येक मॉडेलवर प्रत्येक पर्याय चालत नाही. वायरच्या हेडसेटला बॅटरीच नसते, तर टक्के कुठून येणार? नवा हेडसेट घेणार असाल तर प्रोग्रामच्या यादीत तुमचं मॉडेल आधी शोधा, आणि नाव अक्षरन् अक्षर जुळवा. एकाच नावाखाली वायरचा आणि वायरलेस असे दोन हेडसेट असतात, आणि त्यांचे यूएसबी क्रमांक वेगळे असतात.