नऊ मिनिटांचा अंधार

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊच्या सुमारास फरीदाबादच्या आमच्या वसाहतीतील दिवे एकामागून एक मालवले गेले, तेव्हा आम्हीही खिडकीत पणती लावून उभे होतो. टाळेबंदीचे ते दिवस. नऊ मिनिटे घरातील दिवे बंद करून पणत्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी ३ एप्रिलला केले होते. हेतू ऐक्यभावनेचा होता, बचतीचा नव्हे. परंतु दिवा मालवणे म्हणजे वीज वाचवणे, हे समीकरण आम्हां कारकुनांच्या अंगी फार मुरलेले. खोलीबाहेर पडताना दिवे-पंखे बंद करावेत, अशी परिपत्रके आम्ही किती वेळा फिरविली असतील! त्या रात्री देशाची पुष्कळ वीज वाचली, असे आम्ही खुशाल धरून चाललो. पुढे त्या रात्रीचा अधिकृत अहवाल वाचनात आला आणि हा समज पार बदलला.

धान्याप्रमाणे वीज कोठारात भरून ठेवता येत नाही, निदान एवढ्या प्रमाणावर तरी नाही. ज्या क्षणी जितकी मागणी, त्या क्षणी तितकीच निर्मिती हवी. हा तोल सेकंदाला ५० आवर्तनांच्या मापाने कळतो. मागणी एकाएकी घटली की जनित्रे अधिक वेगाने फिरू लागतात, वाढली की मंदावतात. आणि मर्यादा फार ओलांडली गेली तर ती स्वसंरक्षणार्थ जाळ्यापासून तुटतात.

फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी फरीदाबादची नवी वस्ती उभी राहिली, तेव्हा युद्धभरपाईपोटी जर्मनीकडून मिळालेली यंत्रसामग्री आणून येथे वीजघर बांधले गेले होते. तसल्या वीजघराचा बिघाड गावापुरता. पुढे प्रदेशांची जाळी एकमेकांत गुंफत गेली, तसा लाभ वाढला आणि धोकाही वाढला. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळून साठ कोटींच्या आसपास लोकवस्तीचा प्रदेश वीजहीन झाला. हरयाणा त्यात दोन्ही दिवस होता. तरीही जोडणी पुढे चालूच राहिली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारत उर्वरित देशाशी जोडला गेला. शेवटचा सांधा आपल्या सोलापुरात जुळला, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. वाचकांनी तो क्षम्य मानावा.

म्हणूनच आवाहन ऐकताच जाणत्यांच्या पोटात गोळा आला. कारखाने बंद असल्याने मागणी आधीच खालावली होती. आता उरलेल्या मागणीचाही मोठा भाग एकदम जाणार आणि नऊ मिनिटांनी एकदम परतणार. महाराष्ट्राचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी, दिवे न मालवता पणत्या लावा, असे सुचविले. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ४ एप्रिलला खुलासा केला की केवळ घरातील दिवेच बंद करावयाचे आहेत. पंखे, शीतकपाटे, रस्त्यावरील दिवे चालूच राहावेत. बारा ते तेरा हजार मेगावॅट मागणी घटेल, असा अंदाज बांधण्यात आला.

कोळशावरचे केंद्र क्षणात मंद वा तेज करता येत नाही. बाष्पक म्हणजे काही रॉकेलचा स्टोव्ह नव्हे. पाण्याचे तसे नाही. दार आवळले की चक्र थांबते, उघडले की काही मिनिटांत पूर्ववत फिरते. ज्या एनएचपीसीची सलाल, उरी, चमेरा ही जलविद्युत केंद्रे, तिचे मुख्यालय आमच्याच फरीदाबादेत सेक्टर ३३ मध्ये आहे. त्या रस्त्याने आम्ही अनेकदा गेलो आहोत. परंतु त्या इमारतीचा आमच्या दिवाणखान्यातील बटणाशी काही संबंध असेल, असे कधी मनात आले नव्हते.

प्रत्यक्षात काय घडले? नऊ वाजण्याची वाट लोकांनी पाहिलीच नाही. पावणेनऊपासून मागणी घसरू लागली आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी ती ८५,७९९ मेगावॅटवर आली. एकूण घट ३१,०८९ मेगावॅट, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून अधिक. अनेकांनी दिव्यांबरोबर इतरही पुष्कळ काही बंद केले असले पाहिजे. आमच्या शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांनी तर मुख्य खटकाच खाली ओढला होता. आवर्तने ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान हेलकावली. त्या पंचवीस मिनिटांत देशाची जलविद्युत निर्मिती २५,५५९ मेगावॅटवरून ८,०१६ वर आणली गेली. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट. तेव्हा नऊ कोयना एकामागून एक थांबविल्यासारखेच ते होते. पुढच्या सतरा मिनिटांत तीच निर्मिती पुन्हा १९,०१२ वर चढविली गेली. हे सारे करणारी माणसे टाळेबंदीतही आपल्या कक्षांत हजर होती. त्यांच्यासाठी कोणी पणती लावली की नाही, कोण जाणे.

आणि बचत? पूर्ण ३१ हजार मेगावॅटची घट पूर्ण नऊ मिनिटे टिकली असे मानले, तरी हिशेब सत्तेचाळीस लाख युनिटांच्या आत राहतो. देशाच्या एका दिवसाच्या वापरात तो शेकडा पावही भरत नाही. कोळशाच्या भट्ट्या बहुतांशी धगधगतच होत्या. वाचले ते मुख्यतः धरणांतले पाणी, तेही थोडा वेळ अडून राहिलेले. याउलट जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघर गेले. त्यांनी रोज संध्याकाळी, आपापल्या वेळी, केलेली बचत कोणत्याही जाळ्यास हिसका देत नाही.

रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी मागणी १,१४,४०० मेगावॅटच्या आसपास स्थिरावली होती. त्या वेळी आमच्या वसाहतीतले लोक गच्चीवरून खाली उतरून झोपण्याच्या तयारीला लागले होते, आणि शेजारचे गृहस्थ अंधारात चाचपडत आपला मुख्य खटका शोधत होते.