२२ जून १९८६ : अझ्तेका मैदानावरचे ते दोन गोल

मेक्सिको सिटीच्या अझ्तेका मैदानावर या दिवशी लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर अर्जेंटिना आणि इंग्लंड विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत भिडले. फॉकलंड बेटांवरचे युद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. १९८२च्या त्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले; अर्जेंटिनाच्या ‘बेलग्रानो’ या एकाच युद्धनौकेबरोबर ३२३ जण समुद्रात बुडाले. त्यांत कोवळी, सक्तीने भरती केलेली पोरेही होती.

खेळाचा युद्धाशी संबंध नाही, असे खेळाडू सामन्याआधी सांगत राहिले. ते खरे नव्हते, हे अर्जेंटिनाच्या दिएगो मॅराडोनाने पुढे आत्मचरित्रात कबूल केले. आपण एका संघाला नव्हे, एका देशाला हरवत आहोत, अशीच भावना त्या दिवशी होती, असे त्याने लिहिले.

५१व्या मिनिटाला त्याने गोलरक्षक पीटर शिल्टनच्या डोक्यावरून चेंडू हाताने जाळ्यात ढकलला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना हात दिसला नाही.

आणि अवघ्या चार मिनिटांनी स्वतःच्याच अर्ध्या भागातून निघून, एकामागून एक इंग्लिश खेळाडूंना चकवत त्याने फुटबॉलमधला बहुधा सर्वांत देखणा गोल केला. लबाडी आणि प्रतिभा इतक्या जवळजवळ क्वचितच दिसली असेल! इंग्लंडच्या गॅरी लिनेकरने ८१व्या मिनिटाला एक गोल फेडला, पण सामना २-१ असा अर्जेंटिनाने जिंकला, आठवड्याभराने विश्वचषकही.

सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलून घेतली. तीच निळी जर्सी २०२२मध्ये लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना विकली गेली.