सातवं पाऊल आणि परदेशाची रांग



आपल्या घरात लग्नाची तारीख किती गोष्टी पाहून ठरते! चातुर्मास टाळायचा, मुहूर्त बघायचा, मुलाची परीक्षा सांभाळायची, मंगल कार्यालय मिळायला हवं, आणि थोरल्या जावेच्या माहेरचं कार्य नेमकं त्याच दिवशी नको. गेल्या काही दशकांत यात आणखी एका पंचांगाची भर पडली आहे. ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातून दर महिन्याला निघतं आणि त्याला व्हिसा बुलेटिन म्हणतात. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, एवढंच त्यात असतं. पण ज्यांचे मामा, भाऊ किंवा आई-वडील तिकडे आहेत, त्या घरांतल्या मुलींचं लग्न या पंचांगाला बांधलेलं असतं, आणि ते पुष्कळदा लग्न झाल्यावर कळतं. म्हणून आज त्याचा इतिहास सांगते.

नगर जिल्ह्यात आपली कितीतरी घराणी मूळची मारवाडची. एकाने येऊन गावात दुकान मांडलं, मग धाकट्या भावाला बोलावलं, मग मेहुण्याला, मग भाच्याला. पाथर्डी, शेवगाव, राहुरी, संगमनेर, जिथे बाजार तिथे नात्याच्या आधाराने माणसं स्थिरावली. तुझं लग्न आधी झालं की इथे आल्यावर, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

अमेरिकेचं दार मात्र आपल्यासाठी बराच काळ बंद होतं. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातून तिकडे स्थायिक व्हायला जाणं जवळपास थांबलं. 1946 मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला जेमतेम 100 माणसांपुरतं. मग 3 ऑक्टोबर 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि कोणत्या देशाचा यापेक्षा कुणाचा कोण याला महत्त्व आलं. डॉक्टर, इंजिनिअर म्हणून गेलेल्यांनी मागून भावंडांना, आई-वडिलांना बोलावलं. आपल्या बाजारपेठांत घडलं होतं तेच पुन्हा घडलं.

फरक एका शब्दाचा होता. या कायद्यात मुलगा-मुलगी म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, विवाहित की अविवाहित? 1990 च्या कायद्याने जी वर्गवारी केली ती आजही चालते. अमेरिकेच्या नागरिकाची बायको किंवा नवरा, 21 वर्षांखालची अविवाहित मुलं, आणि नागरिक स्वतः 21 वर्षांचा झाला की त्याचे आई-वडील, यांना रांग नाही. बाकी सगळ्यांना आहे. नागरिकाच्या मोठ्या अविवाहित मुलांची रांग वेगळी, विवाहित मुलांची वेगळी, भावंडांची त्याहून वेगळी. ग्रीन कार्डवाल्याला मात्र फक्त जोडीदार आणि अविवाहित मुलं बोलावता येतात. त्याच्या विवाहित मुलासाठी किंवा मुलीसाठी कायद्यात जागाच नाही.

इथेच सगळी मेख आहे. समजा वडिलांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांनी पंचविशीच्या मुलीसाठी अर्ज केला आणि ती इकडे वाट पाहते आहे. भारतातल्या मुलांसाठी ही रांग अलीकडे आठ-नऊ वर्षांची झाली आहे. मधेच चांगलं स्थळ आलं आणि लग्न लावलं, तर तो अर्ज त्याच दिवशी आपोआप रद्द होतो. पुढे घटस्फोट झाला तरी तो जिवंत होत नाही. तेच वडिलांनी आधी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि नंतर मुलीचं लग्न झालं, तर अर्ज मरत नाही. तो विवाहितांच्या रांगेत जातो, मूळ अर्जाची तारीख टिकते आणि पुढे जावईही तिच्याबरोबर जाऊ शकतो. ही रांग लांब आहे, चौदा वर्षांच्या आसपास, पण आहे तरी. म्हणजे शपथ आणि लग्न या दोन दिवसांत पहिला कोणता, यावर सगळं ठरतं.

मामाने आपल्या बहिणीसाठी केलेल्या अर्जाचं गणित निराळं. बहीण विवाहित असली तरी चालतं, तिचा नवराही बरोबर जातो. पण मुलं अविवाहित आणि 21 च्या आतली हवीत. अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेली भाची नंबर लागेपर्यंत कॉलेजात पोचलेली असते. 2002 च्या एका कायद्याने वयाच्या मोजणीत थोडी सूट दिली, अर्ज मंजूर व्हायला सरकारने लावलेला वेळ वयातून वजा होतो. लग्नाला मात्र कसलीच सूट नाही. सगळ्यांचे व्हिसे हातात आले, आता जाण्याआधी मुलीचं इथेच उरकून टाकू, असं ठरवलं तर तिचा व्हिसा निरुपयोगी होतो. विमानतळावर उतरून आत घेतलं जाईपर्यंत ती अविवाहितच असावी लागते.

उलट बाजूही आहे, आणि ती सुनांना भोगावी लागते. मुलगा तिकडे नोकरीवर आहे, ग्रीन कार्ड हातात आलं की मग लग्न करू, असं वडीलधारे सावधपणे म्हणतात. पण ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असेल, तर बायकोला त्याच अर्जाच्या आधाराने जाता येतं. मंजुरीनंतर लग्न केलं तर तिच्यासाठी नवा अर्ज, नवी रांग, आणि पुष्कळदा काही वर्षं माहेर-सासर अशा फेऱ्या. शिवाय 1986 च्या कायद्यापासून, लग्नाला दोन वर्षं पुरी होण्याआधी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्याने पोचलेल्या जोडीदाराला मिळणारं कार्ड दोन वर्षांचं, अटीवरचं असतं. दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करून ती अट काढून घ्यावी लागते. संसार बिघडला तर या अटीचा भार कुणावर पडतो, हे सांगायला नको.

मग कुणीतरी पळवाट सुचवतं. फेरे गुपचूप करून घ्या, नोंदणी नको, कागद नाही तर लग्न नाही. हे आपल्याच कायद्यात बसत नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. आपल्या रीतीप्रमाणे विधी झाले की लग्न झालं, आणि विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. नोंदणी नसली म्हणून ते पुसलं जात नाही. याउलट, व्हिसासाठी आधी नुसता दाखला काढायचा आणि फेरे सवडीने करायचे, या चालीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही. सगाई मात्र लग्न नाही. सगाई करून थांबता येतं.

लपवलेलं लग्न पुढे उघडं पडतंच, कारण कधीतरी त्याच नवऱ्यासाठी अर्ज करायचा असतो. तेव्हा दाखल्यावरची तारीख बोलते, आणि मिळालेलं कार्डही जाऊ शकतं.

आपल्याला तर हे दुसऱ्या देशाच्या कायद्याने शिकवायची गरज नव्हती. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात मोठ्या असत्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, प्रतिक्रमणात आपण ते म्हणतो. त्यात पहिलंच कन्यालीक, म्हणजे वर-कन्येच्या बाबतीत खोटं बोलणं. गाय आणि जमीन यांच्याबद्दलचं असत्य त्याच्या नंतर येतं. खोटी साक्षही त्याच यादीत आहे. लग्न झालेलं असताना अधिकाऱ्यासमोर शपथेवर अविवाहित म्हणायचं, तर ही दोन्ही असत्यं एका वाक्यात होतात. आणि ते वाक्य आपण बोलायला लावतो कुणाला? बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला, परक्या देशाच्या दारात, एकटीला.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्थळ बघताना पत्रिकेबरोबर अर्जाची तारीख, तो कुणी केला, आणि करणारा नागरिक आहे की कार्डवाला, हे विचारून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. तारीख पक्की करण्याआधी जाणत्या वकिलाला कागद दाखवा, कारण नियम आणि रांगा बदलत राहतात. आणि हे सगळं मुलीला समोर बसवून सांगा. आठ-नऊ वर्षं अविवाहित राहून वाट पाहायची, की अर्ज सोडून इथेच संसार मांडायचा, हा निर्णय तिचा आहे. आजोबांच्या पिढीला नगरला येताना यातलं काही सोडावं लागलं नव्हतं. तिला सोडावं लागणार असेल, तर काय सोडते आहे ते तिला आधी कळायला हवं.